हरीण मागायला आलेला माणूस

हार्लन्स मिल, अलाबामा
ता. ८ डिसेंबर १९९१

प्रिय हॉइट,

आशीर्वाद. डार्लाकडे तुझं बस्तान नीट बसलं असेल. फ्लोरिडाची हवा तुला मानवणार नाही हे मला ठाऊक आहे. पण खटला उभा राहीपर्यंत आपल्या काउंटीत पाऊल टाकायचं नाही असं जजसाहेबांनी बजावलंय, तेव्हा मुकाट्याने लेकीच्या घरी राहा आणि जावयाच्या गाडीला हात लावू नकोस. मागच्या वेळी तू ती दुरुस्त केलीस आणि त्याला नवी घ्यावी लागली. वकिलांनी फोनवर बोलायचं नाही असं सांगितलंय म्हणून हे पत्र. मलाही फोनपेक्षा पत्रच बरं वाटतं. मध्येच कुणी बोलणं तोडत नाही.

गाईंची काळजी करू नकोस. सकाळी शेजारचा बर्ल वैरण टाकतो, शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले की दुपारी मी एक चक्कर मारते. पांढऱ्या कपाळाची ती गाय व्याली, कालवड झाली, दोघी ठणठणीत आहेत. थंडीने पंपाचा पाइप फुटला होता, तो बर्लने बदलला आणि बदलताना तुला भरपूर शिव्या घातल्या, म्हणजे त्याचं तुझ्यावरचं प्रेम शाबूत आहे. घरात सगळं जागच्या जागी आहे. मी मागच्या दाराने जाते, मागच्याच दाराने येते.

गावाचं म्हणशील तर गाव राहिलेलं नाही, जत्रा झाली आहे. कोर्टासमोर टीव्हीच्या गाड्या उभ्या असतात. मोटेलमध्ये खोली मिळत नाही. अटलांटाहून कुणी प्रोफेसर येऊन गेला, तो म्हणाला की दक्षिणेतल्या गोऱ्या माणसाच्या हाडातच काळ्यांचा द्वेष आहे. दुसऱ्या दिवशी रेडिओवर एक जण म्हणाला की स्वतःच्या दारात स्वतःचा जीव वाचवणंही आता गुन्हा ठरणार. दोघांनाही आपल्या गावाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं.

टोप्यांचं तर विचारूच नकोस. वेंडल पेटवेच्या अंत्यसंस्काराला त्यांच्या चर्चमधली सगळी पुरुषमंडळी शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या हातात घेऊन आली, डोक्यावर नाही, हातात, त्याची सापडली होती तशी. ते पेपरात छापून आलं. तेव्हापासून नारिंगी टोपी घातली की तू पेटवेच्या बाजूचा, असं ठरून गेलंय. आता ऐन हंगामात गोऱ्या शिकाऱ्यांना टोपी घालण्याची चोरी झाली आहे. टोपीशिवाय रानात गेले म्हणून वनखात्याच्या माणसाने परवा चौघांना दंड ठोकला, त्यात आपले पास्टर ब्रदर कार्लाइल पण होते. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पेंडीच्या दुकानातला एक किस्सा सांगते. टीव्हीवरची एक पोरगी माइक घेऊन बर्लच्या मागे लागली होती. "पण अंधार पडत असताना कुणी माणूस परक्याच्या घराकडे चालत कशाला जाईल?"

बर्ल म्हणाला, "बाई, तुम्ही हरणाला गोळी घातलीत, ते जखमी होऊन माझ्या कुंपणात शिरलं, तर काय कराल?"

"मी... पोलिसांना फोन करेन."

अख्खं दुकान खो खो हसलं. बर्लला चेव आला. "अहो, बंदूक गाडीत ठेवायची, फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायचा, दारात जाऊन टोपी काढायची आणि म्हणायचं, माझं हरीण तुमच्या रानात गेलंय, शोधू का. मग घरवाला टॉर्च घेऊन तुमच्यासोबत येतो. हरीण सापडलं तर एक मांडी त्याला द्यायची. आमच्या आजोबांच्या वेळेपासून हे असंच आहे. न विचारता शिरला तो चोर."

बोलता बोलता तो थांबला. आपण कुणाची बाजू मांडून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. मग त्याने पेंडीचं पोतं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला.

तुझं म्हणणं पेपरात पूर्ण आलंय. तू हॉर्न ऐकला नाहीस. संध्याकाळी एकटाच टीव्ही बघत होतास. अंगणात अनोळखी काळा माणूस दिसला, डोक्यावर टोपी नाही, हात रक्ताने माखलेले, मुठीत काहीतरी धरलेलं. तू थांब म्हणालास, तो एक शब्द न बोलता पुढे आला, म्हणून तू गोळी झाडलीस. मी ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवून दिला. वेंडलचं हरीण दुसऱ्या दिवशी तुझ्या तळ्याकाठी मरून पडलेलं सापडलं. ते कुणी उचललं नाही. तिथेच सडलं.

वेंडलची अर्लीन परत कामावर यायला लागली आहे. माझ्या शेजारच्याच टेबलाशी उभी असते, कारण पाव करणाऱ्या आम्ही दोघीच. शाळेच्या बाईंनी मला विचारलं, तुला दुसरीकडे हलवू का. मी म्हटलं, जिचा नवरा गेला ती हलत नाही, मी कशाला हलू. ती माझ्याशी नीट बोलते. पीठ दे, ट्रे सरकव, भट्टी बघ. तेवढंच.

तुझी आठवण येते. रविवारी जेवायला कुणी नसतं. खात जा, आणि रात्री ती गोळी न विसरता घेत जा.

तुझी ताई,
नेल्डा


ता. १९ जानेवारी १९९२

प्रिय हॉइट,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. डार्लाने पाठवलेली संत्री पण मिळाली, तिला सांग, गोड निघाली.

तू लिहिलंयस, "ताई, त्या दिवशी तू भजनाच्या सरावाला चर्चमध्ये होतीस, हे लक्षात आहे ना." हॉइट, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात सराव नसतो. तू चर्चमध्ये कधी फिरकत नाहीस म्हणून तुला ते माहीत नाही. तुझ्या वकिलाला मात्र असलं काही सांगू नकोस, कारण ब्रदर कार्लाइल खोटं बोलणार नाहीत, आणि बोलले तरी त्यांना जमणार नाही.

तुझे ते वकील, मि. स्टॉलवर्थ, मंगळवारी माझ्याकडे येऊन गेले. मी कॉफी केली, पीकनचा केक कापला, त्यांनी दोन तुकडे खाल्ले. माणूस वाईट नाही. साक्षीत मी काय सांगायचं ते त्यांनी मला समजावलं.

"नेल्डाबाई, तुम्ही फक्त त्याचा स्वभाव सांगायचा. मी विचारीन, हॉइटने कधी काळ्या माणसाचा दुस्वास केला का?"

"मी म्हणेन, नाही. तो सगळ्यांशी सारखाच खेकसतो."

"हे उत्तम. ज्युरीला आवडेल. मग लहानपणचं सांगा. शेतावर काम करणाऱ्या काळ्यांच्या मुलांसोबत तुम्ही खेळत होतात वगैरे."

"खेळत होतो. जेवायला आम्ही आत जायचो, ती मुलं पायरीवर बसायची."

ते म्हणाले, "पायरीचं नका सांगू."

मग जाता जाता त्यांनी अगदी सहज विचारलं, "त्या संध्याकाळी तुमचं त्याच्याशी काही बोलणं झालं होतं का?"

मी म्हटलं, अजून कॉफी घ्या. त्यांनी घेतली. हुशार माणूस आहे, पुन्हा विचारलं नाही.

पण हॉइट, तुला आणि मला खोटं बोलून चालायचं नाही. मी फोन केला होता. थँक्सगिव्हिंगला टर्की मी भाजायची की डार्लाने, हे विचारायला केला होता, आणि तू म्हणत होतास की डार्लाने भाजलेली टर्की म्हणजे चपलेचा तळ. आपण हसत होतो. तेवढ्यात हॉर्न वाजला, दोनदा. मी माझ्या स्वयंपाकघरात बसून तो ऐकला. तू तर फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतास.

एवढंच लिहिते. पुढचं तुला ठाऊक आहे.

इथे आता रोज एकच वाद. तुझ्या मनात काळ्यांविषयी द्वेष होता की नव्हता. न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच, शाळेत सातवीच्या पोरांत त्यावरून मारामारी झाली. पेपरात पत्रं येतात. एक म्हणतो हॉइटने काळ्या शेजाऱ्याची विहीर फुकट उपसून दिली होती. दुसरा म्हणतो त्याच हॉइटने गावाचा स्विमिंग पूल काळ्यांनाही खुला करण्याऐवजी माती टाकून बुजवा म्हणून मत दिलं होतं. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही वेळा तुझ्यासोबत होते. असं माणसाच्या मनाचं पोस्टमॉर्टेम पेपरातून होत असतं का? मला त्यातलं काही कळत नाही आणि मी त्यात पडत नाही.

परवा अर्लीन बोलली. पिठाचा गोळा आपटत होती, माझ्याकडे बघितलंही नाही.

"मिस नेल्डा, एक विचारू? वेंडल हॉर्न द्यायला विसरला असेल असं होईल का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, अर्लीन."

"त्याच्या बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. म्हणायचा, गोऱ्याच्या दारी जायचं असेल तर दोनदा हॉर्न, बंदूक गाडीत, टोपी लांबूनच काढायची, दिव्याच्या उजेडात उभं राहायचं, पायरी चढायची नाही. गोऱ्या पोरांना एवढं शिकवत नसतील. त्यांची टोपी दारात गेल्यावर निघते." तिने गोळा उलटा केला. "मी रात्री पडल्या पडल्या तेच बघत असते. तो विसरला असेल. किंवा हॉर्न बिघडला असेल. गाडी जुनीच होती."

मी भट्टी बघायला गेले. भट्टीत काही नव्हतं.

तर मला असं वाटतं, हॉइट, की तूच सांग. स्टॉलवर्थना सांग, तुझ्या तोंडाने सांग, की मी घाबरलो, मी चुकलो, मी खोटं बोललो. ते काय ते बघतील. स्वतःहून सांगणाऱ्याला जज थोडं तरी वेगळं वागवतात. मी तुझ्यासोबत कोर्टात येईन, तुझ्या मागच्या बाकावर बसेन, गाव काय बोलायचं ते बोलू दे. पण तू सांग. मी वाट बघते.

तुझी ताई,
नेल्डा


ता. १ मार्च १९९२

प्रिय हॉइट,

तुझं उत्तर येऊन बरेच दिवस झाले. ते मी बायबलमध्ये ठेवलंय, म्हणजे रोज हाताला लागतं.

"ताई, तू मला तुरुंगात घालणार? डब भाऊजींना बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात कोण नेत होतं?"

तू नेत होतास. पूर्ण हिवाळाभर, दर आठवड्याला. पहाटे येऊन आधी गाडी गरम करून ठेवायचास, म्हणजे त्याला गार सीटवर बसायला लागू नये. परतीच्या वाटेवर तो ओकायचा तेव्हा तू एका हाताने गाडी चालवायचास आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासमोर भांडं धरायचास. माझ्या नवऱ्याचं मी जेवढं केलं तेवढंच तू केलंस. त्याच्या मृत्यूच्या वेळी मी चहा करायला उठले होते, पण तू त्याच्या उशाशी होतास. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर मला झोप लागली असती.

तू म्हणतोस, मेलेला माणूस परत येणार नाही, जिवंत भावाला का मारतेस. बर्लही तेच म्हणतो. त्याला काही माहीत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याला वास आलाय. ब्रदर कार्लाइल म्हणाले की काही गोष्टी देवावर सोडाव्यात. मी म्हटलं, देवाला समन्स बजावता येत नाही. त्यांना ते आवडलं नाही.

आता मी सगळं एकदा लिहून काढते. तुला नवीन काहीच नाही, पण कोर्टात मी काय सांगणार आहे ते तुला आधी माहीत असावं.

हॉर्न वाजल्यावर तू म्हणालास, "कुणाचं तरी हरीण आलंय वाटतं कुंपण ओलांडून. थांब ताई, टॉर्च घेतो, आलोच." तुझा आवाज चांगला होता. कुणाचं तरी हरीण शोधायला मिळणार म्हणून तू खूशच झाला होतास, तुझं लहानपणापासून तसंच आहे. रिसीव्हर ओट्यावर ठेवलास. तुझ्या स्वयंपाकघराचं दार पडवीतच उघडतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. जाळीचं दार उघडलं. मग काहीच नाही. मग तू परत आत आलास.

टॉर्च फोनच्या खालच्या खणात असते. तो खण उघडला नाही. तू बोळातलं कपाट उघडलंस. त्या कपाटाचं दार कुरकुरतं, मी तुला किती वेळा सांगितलंय त्याला तेल घाल म्हणून.

प्रोफेसर आणि रेडिओवाले तुझं मन उकरत बसले आहेत. तुझ्या मनात काय होतं ते मला खरंच माहीत नाही, कदाचित तुलाही नसेल. मला एवढंच माहीत आहे की तू टॉर्च घ्यायला उठलास आणि बंदूक घेऊन बाहेर गेलास. मधल्या वेळात त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. तुला फक्त त्याचा चेहरा दिसला होता. त्याच्या जागी बर्ल असता तर त्या रात्री तुम्ही दोघं तळ्याकाठी हरीण सोलत बसला असता.

मग तो बोलला. तू शेरीफला सांगितलंस की तो बोलला नाही. तो बोलला, हॉइट. मग गोळीचा आवाज. मग तू येऊन रिसीव्हर उचललास आणि म्हणालास, "ताई, फोन ठेव. तू फोन केलाच नव्हतास." मी ठेवला.

शुक्रवारी शाळेत आम्ही दोघी लवकर आलो होतो. मी अर्लीनला म्हटलं, पीठ राहू दे, बस. ती बसली नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, वर लिहिलंय तसंच, काही न वगळता. हॉर्न, टॉर्च, खण, कपाट. मला वाटलं ती ओरडेल, मला काहीतरी फेकून मारेल. मी तयारीने उभी होते.

तिने फक्त विचारलं, "तो काय बोलला?"

मी सांगितलं. "मिस्टर हॉइट, मी वेंडल पेटवे, कागदाच्या गिरणीतला. ऐन जेवणाच्या वेळी त्रास देतोय, माफ करा. माझं एक हरीण..." एवढंच. पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

"नाव सांगितलं त्याने स्वतःचं?"

"हो."

"मिस्टर म्हणाला? माफ करा म्हणाला?"

"हो."

तिने हाताचं पीठ एप्रनला पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याने सगळं बरोबर केलं. हॉर्न, टोपी, नाव, सगळं. मी इतके महिने शोधत होते त्याचं कुठे चुकलं. मी माझ्या पोरांना सांगायचे, तुमच्या बाबाचं काहीतरी राहिलं असेल, तुम्ही नीट लक्ष ठेवा, तुम्ही काही राहू देऊ नका." तिचा आवाज चढला नाही. "आता त्यांना काय शिकवू?"

तुला उत्तर सुचलं तर तिला कळव.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, नेल्डा." इतकी वर्षं मी तिच्यासाठी अदबीची मिस नेल्डा होते, त्या दिवशी नुसती नेल्डा झाले. "तू इथे माझ्या शेजारी उभी राहून पाव वळत होतीस. मी तुला विचारलं तेव्हा भट्टी बघायला गेलीस." तिने आपलं पीठ, आपलं लाटणं उचललं आणि पलीकडच्या टेबलाशी गेली. त्या दिवशी पावाच्या दोन वेगळ्या थप्प्या लागल्या. पोरांनी दोन्ही खाल्ल्या.

दुपारी मी सरकारी वकिलाकडे गेले. तो कोवळा पोरगा आहे, टाय वाकडा बांधतो. तीन तीनदा विचारत होता, बाई, तुमच्यावर कुणी दबाव तर आणला नाही ना? मी म्हटलं, आणला, रोज आणतात, गप्प बसण्यासाठी. त्याने सगळं टाइप करून घेतलं, मी वाचून सही केली. तुझ्या स्टॉलवर्थना ते येत्या शुक्रवारी मिळेल. म्हणून हे पत्र आज टाकते, त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

डार्ला माझ्याशी बोलणार नाही, मला माहीत आहे. तिला बोलू नकोस म्हणू नकोस आणि बोल असंही म्हणू नकोस. चर्चमध्ये माझ्या बाकावर आता कुणी बसेल असं वाटत नाही. गाईंचं मी बघेन, तू येईपर्यंत, ते कधीही असो. आणि मी रागाने हे करते आहे असं समजू नकोस. राग असता तर सोपं गेलं असतं. माझा तुझ्यावर जीव आहे. पूर्वी होता तेवढाच आहे, त्यात तिळमात्र फरक पडला नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त छळते.

खटल्याच्या दिवशी मी साक्षीला उभी राहीन तेव्हा तुझ्याकडे बघेन. तू माझ्याकडे बघू नकोस असं वाटत असेल तर नको बघूस. पण तो सरकारी वकील पोरगा मला विचारेल, "मयत शेवटचं काय बोलला?" आणि मला ते अख्ख्या कोर्टासमोर म्हणावं लागेल, त्याच्या तोंडचे शब्द, त्याच्या आवाजात नाही तरी त्याच्या अदबीने. तेव्हा तू खाली मान घालू नकोस, हॉइट. ते तुझ्याशी बोलले गेलेले शब्द आहेत. त्या संध्याकाळी तू ते पुरे ऐकून घेतले नाहीस, या वेळी तरी ऐक.

तुझी सख्खी बहीण, आणि सरकार पक्षाची साक्षीदार,
नेल्डा